हात लावू नये, करंट आहे

आमच्या वडशाच्या प्रेसमध्ये कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर एक पुठ्ठा लटकवलेला असे. त्यावर लाल शाईत लिहिलेलं : ‘हात लावू नये. करंट आहे.’ अकरा वर्षं मी तो पुठ्ठा वाचला आणि अकरा वर्षं त्या मशीनपासून दोन हात लांब राहिलो. प्रेसचा मालक मी, विजेचं बिल भरणारा मी, आणि त्याच विजेला भिऊन भिंतीला घासत जाणाराही मीच. पुढं कळलं की त्या मशीनला कसलाच करंट येत नव्हता. पुठ्ठा गिऱ्हाइकांसाठी नव्हता, त्यांच्या पोरांसाठी नव्हता. आमचे ऑपरेटर काकाजी यांनी तो खास माझ्यासाठी लावला होता.

त्यांचं चुकलं असं म्हणायला मला तोंड नाही. वडिलांच्या काळात प्रेस ट्रेडलवर चालायची. मी सहावीत असताना खिळ्यांची एक केस उलटी केली होती. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी मराठी भाषा फरशीवर सांडली आणि ती परत आपापल्या खणात बसवायला तीन माणसांना दोन दिवस लागले. पुढं ऑफसेट आलं, डीटीपी आलं, खिळे किलोवर भंगारात गेले, तेव्हा काट्याजवळ मीच उभा होतो. मराठी भाषेचं नुकसान करण्याचा आमच्या घराण्यात सगळ्यात दांडगा अनुभव माझाच.

आता वडसा काय चीज आहे ते बाहेरच्या वाचकाला सांगायला पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यातलं हे गाव सरकारी कागदावर देसाईगंज आहे आणि रेल्वेच्या पाटीवर वडसा. दोन्ही एकच, हे ज्याला माहीत नाही तो स्टेशनावर उतरूनही देसाईगंज शोधत बसतो. नवीन आवृत्ती आली म्हणून जुनी बंद करायची, हे आमच्या मुलखाला पटतच नाही. चांद्याचं चंद्रपूर होऊन साठ वर्षं झाली, पण एक स्टेशन अजून चांदा फोर्ट आहे आणि म्हाताऱ्या माणसांची कोर्टाची तारीख अजून ‘चांद्याले’च असते. १९८२ साली चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. आमचे एक मामा मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं कोणतंही काम असलं की आधी चांद्याला जात, तिथून हाकलून दिलं की मग गडचिरोलीला जात. म्हणत, एकदम नव्यावर भरवसा कसा ठेवायचा?

तर वडसा ही झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, रंगभूमीची राजधानी. नाटक कंपन्यांची ऑफिसं इथंच. दिवाळी झाली, धान कापून झालं की गावोगाव मंडई भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. ते सुरू होतं रात्री जेवणं उरकल्यावर आणि सुटतं पहाटे, प्रेक्षक तोंड धुवायला थेट नदीवर जाऊ शकतील अशा बेतानं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीला झाडीपट्टीचं नाव नव्यानं कळलं असेल. आम्हाला ते पोस्टरवरून पाठ होतं.

आणि पोस्टर म्हणजे आम्ही. होळीपर्यंत आमच्या प्रेसला श्वास घ्यायला वेळ नसतो. ‘तीन अंकी संगीत नाटक’ ही ओळ काकाजींनी आयुष्यात इतक्यांदा टाइप केली आहे की झोपेत त्यांची बोटं चादरीवर तीच ओळ टाइप करतात, असं काकू सांगतात. नाटकाच्या नावात सासू, सून, कुंकू, रक्त आणि माहेर यांपैकी तीन शब्द तरी लागतातच. नटाचं नाव किती मोठं, नटीचा फोटो किती मोठा आणि विनोदी नटाचा फोटो नायकापेक्षा किती सूत लहान, यावर इथं मैत्र्या तुटलेल्या आहेत. प्रत्येक पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरात आमच्या प्रेसचं नाव आणि फोन. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, चार जिल्ह्यांच्या भिंतींवर माझं नाव चिकटलेलं आहे. तरी कामासाठी एकाचा म्हणून फोन येत नाही, जो तो स्वतःच येऊन उभा राहतो. माणसं फार प्रेमळ, अशी मी समजूत करून घेतली होती. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

हा सगळा डोलारा त्या कोपऱ्यातल्या मशीनवर उभा होता. त्याच्या पोटात तीन मजली घर. तळमजल्यावर मूळ सिस्टीम. पहिल्या मजल्यावर पानं जुळवणारा पेजमेकर सात. हा पेजमेकर २००१ सालचा, घराण्यातला शेवटचा. आठवा निघालाच नाही, कारण कंपनीनं त्याच्या आधीच, १९९९ साली, इनडिझाइन नावाचा धाकटा घरात आणून ठेवला होता. कंपनीला वाटलं, लोक धाकट्याकडे जातील. पुण्या-मुंबईचे गेले. झाडीपट्टीनं थोरल्याचं पितरपाख घालायला नकार दिला. आणि दुसऱ्या मजल्यावर राहत होता खरा कमावता माणूस : मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर. दिसायला नुसता भाडेकरू, वरून जोडलेला, पण तो गेला तर खालचे दोन्ही मजले इंग्रजी बोलायला लागतात. या भाडेकरूची किल्ली म्हणजे ‘लॉक’. मशीनच्या पाठीमागे पंचवीस टाचण्यांच्या भोकात बसवलेलं, काड्यापेटीएवढं. ते लावलेलं असेल तरच अक्षरं उमटणार. दसऱ्याला काकाजी मशीनला झेंडूचा हार घालतात, लॉकला मात्र वेगळं कुंकू लावतात.

एका वर्षी दिवाळीत काकाजी धानकापणीला गावाकडे गेले. जाताना म्हणाले, “चार दिवसांत येतो जी. पोस्टर तयार हाये, फक्त तारीख बदलाची हाये. ते मी आल्यावर करतो. तुमी हात नोका लावजा.”

“मी कशाला लावतोय?” मी म्हणालो. मी खरंच लावला नाही. माझ्या भाच्यानं लावला.

भाचा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. नेमकं काय करतो हे आमच्या घराण्यात कुणाला सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांना त्याचा अभिमान आहे. तो प्रेसमध्ये आला, पुठ्ठा वाचून हसला आणि सरळ बटण दाबलं. करंट लागला नाही. अकरा वर्षांची श्रद्धा एका क्षणात गेली, आणि तिच्या जागी नेहमी जे येतं ते आलं : अतिशहाणपणा.

“मामा, हे तुम्ही अजून वापरता?”

“चालतंय की.”

“अहो, याला इंटरनेट कधी दाखवलंय का?”

नव्हतं दाखवलं. काकाजी त्या मशीनला इंटरनेटपासून असं सांभाळत, जसं एखादा बाप बी.ए.ला असलेल्या मुलीला मंडईपासून सांभाळतो. भाच्यानं मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं मात्र, पडद्यावर खिडकी उघडली : नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. मोफत. ‘आता करा’ की ‘नंतर आठवण करा’?

हे वाचणाऱ्यांपैकी प्रत्येकानं आयुष्यभर ‘नंतर आठवण करा’ दाबलेलं आहे. विमा, दातांचा डॉक्टर, मृत्युपत्र, पहाटेचं फिरणं, सगळीकडे आपण तेच बटण दाबतो आणि जग सुरळीत चालतं. पण ‘मोफत’ हा शब्द आला की माझा हात माझा राहत नाही. लग्नात दुसऱ्यांदा जिलबी मी याच एका शब्दापायी घेतो.

“करू का?” भाचा म्हणाला.

“नुकसान तर नाही ना?”

“उलट फास्ट होईल.”

मग एक लांबलचक करारनामा आला. भाच्यानं तो न वाचता मान्य केला. मी चष्मा शोधत होतो, तोवर मीही मान्य केलेलं होतं.

साडेतीन तास. आधी काळा पडदा, मग निळा, मग ‘आपण जवळजवळ पोचलो आहोत’ असं एक वाक्य, जे एसटीचा कंडक्टरही इतक्या वेळा म्हणत नाही. मध्ये लाइट गेली. इन्व्हर्टर कण्हू लागला. मी देवाचं नाव घेत एका हातानं पंखा बंद केला, दुसऱ्या हातानं ट्यूबलाइट, आणि दिवाळीच्या दिवसांत आम्ही मामा-भाचे अंधारात गोल फिरणाऱ्या पाच टिंबांच्या उजेडात बसून राहिलो. शेवटी पडद्यावर परदेशातलं एक निळंशार तळं उगवलं. इतकं सुंदर तळं आमच्या प्रेसमध्ये कधीच आलं नव्हतं. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “छान आहे. पोस्टर कुठाय?”

पोस्टर उघडलं. नटनट्यांचे फोटो जागच्या जागी. अक्षरांच्या जागी मात्र युरोपातली मंडळी येऊन बसलेली. डोक्यावर टोपी घातलेली अक्षरं, दोन टिंबांचे डोळे वटारणारी अक्षरं, शेपूट फुटलेला सी, मधून-मधून उद्गारचिन्हं आणि पौंडाचं चिन्ह. ‘तीन अंकी संगीत नाटक’ वाचताना घसा बसल्यासारखं वाटत होतं.

झालं होतं असं, की नव्या सिस्टीमनं पाठीमागचं लॉक पाहिलं आणि ‘अनोळखी उपकरण’ असा शेरा मारला. लॉक ओळखू येईना म्हणून सॉफ्टवेअर उघडेना. सॉफ्टवेअर उघडेना म्हणून मराठी उमटेना. तळमजला नवाकोरा, वर जाणारा जिनाच गायब. मी त्या अक्षरांच्या सॉफ्टवेअरच्या कस्टमर केअरला फोन लावला.

“सर, आपलं व्हर्जन कोणतं?”

सांगितलं. पलीकडे शांतता पसरली. मग, “सर, ते तर आता नाही.”

“नाही कसं? माझ्यासमोर आहे.”

“म्हणजे सर, नव्या सिस्टीमसाठी आमचं नवं व्हर्जन घ्यावं लागेल.”

“घेतो. मग माझ्या जुन्या फायली उघडतील?”

“नाही सर, त्या जुन्या व्हर्जनमध्येच उघडतील.”

“आणि जुनं व्हर्जन?”

“ते नव्या सिस्टीमवर चालत नाही सर. आणखी काही मदत करू शकतो का?”

मी नाही म्हणालो. एवढी मदत एका दिवसात पुरे होती.

भाचा म्हणाला, मामा, हे तुमच्या एकट्याचं नाही, जगभर झालंय. २०१७ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स या ब्राउझरची सत्तावन्नावी आवृत्ती आली, तेव्हा जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन एका फटक्यात बाद झाली. लोकांनी वर्षानुवर्षं निगुतीनं लावलेली जोडकामं होती ती. कुणाचं डाउनलोड सांभाळणारं, कुणाचं पानं साठवणारं. कारणं सगळी बरोबर होती : वेग वाढला, सुरक्षा वाढली. पण माणसाला वेगाचं एवढं काय? त्याला त्याचं बटण पाहिजे असतं, कालच्या जागी. कित्येक जण जुन्या आवृत्तीलाच धरून बसले. पुढं ४ मे २०१९ ला तर कमाल झाली. मूळ कंपनीकडच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि नवी-जुनी जवळजवळ सगळीच ॲड-ऑन जगभर एकदम झोपली. मला हे लगेच समजलं. आमच्याकडे नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की बँकेसमोर जिवंत उभा असलेला माणूस बँकेच्या लेखी नसतो. फायरफॉक्सच्या ॲड-ऑननी दाखला भरला नव्हता, एवढंच.

जगाचं ऐकून बरं वाटलं, पण मंडई जगात नव्हती, शुक्रवारी होती. भाच्यानं बाह्या सरसावल्या. म्हणाला, युनिकोड करून टाकू. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून बसलेली आहे, तिथं प्रत्येक अक्षराला एकच पक्कं घर. तुमच्या या जुन्या फॉन्टवाल्यांनी ज्यानं-त्यानं आपल्या मनानं घरं वाटली, एकाचा ‘क’ दुसऱ्याच्या खोलीत ‘ढ’ म्हणून झोपतो. मी म्हणालो, कर बाबा. त्यानं मजकूर उचलला, कुठल्याशा फुकट वेबसाइटवर टाकला, बटण दाबलं, आणि खरोखरच मराठी परत आली! मी त्याला मिठी मारली. रात्रीचे साडेअकरा झाले होते. चष्मा सापडला नव्हता. एक हजार प्रती छापल्या.

सकाळी चष्मा सापडला. पोस्टरवर छापलं होतं : ‘िनमार्ता’. खाली ‘िदग्दशर्क’. त्याच्या खाली ‘मागर्दशर्क’. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात आणि रफार अक्षराच्या नंतर. माणसाच्या डोळ्यांना जसं दिसतं तसं. वेबसाइटनं ते इमानदारीनं तसंच उतरवलं होतं. त्यामुळे प्रत्येक रफार एक घर पुढं सरकून शेजाऱ्याच्या ओट्यावर बसला होता, आणि शब्दाच्या सुरुवातीच्या वेलांट्या ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळावर हात ठेवून उभ्या होत्या, कुणाची तरी वाट बघत. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, ‘हािदर्क स्वागत’. आणि तळाशी पानठेल्याची जाहिरात होती, तिथं खर्ऱ्याचं ‘खरार्’ झालं होतं.

नाटक कंपनीचे व्यवस्थापक आले. मी काउंटरच्या मागे जरा खालीच उभा राहिलो. त्यांनी पोस्टर दोन्ही हातांत ताणून धरलं, डोळे बारीक केले, बराच वेळ पाहिलं.

“हे काहून असं झालं?”

“सिस्टीम अपग्रेड झाली जी,” मी म्हणालो. हल्ली हे वाक्य ऐकलं की शिकलेला माणूस पुढं काही विचारत नाही.

“ते नाही जी. विनोदी नटाचा फोटो इतका मोठा काहून?”

पोस्टरं गेली आणि गावोगाव लागली. लोकांनी वाचली. एका भिंतीसमोर मी स्वतः जाऊन उभा राहिलो. एक जण दुसऱ्याला खडाखडा वाचून दाखवत होता : “निर्माता, दिग्दर्शक…” रफार कुठं बसलाय याच्याशी त्याला घेणं नव्हतं. शब्दाचं डोकं आणि शेपूट दिसलं की मधलं जनावर तो ओळखत होता. तक्रार आली ती फक्त दोघांची. एक शाळेचे गुरुजी, ते लाल पेन घेऊन पोस्टर भिंतीवरच तपासून गेले. दुसरा पानठेलेवाला. त्याला लोक ‘एक खरार् दे’ म्हणून चिडवत होते. पण धंदा वाढला हेही त्यानंच सांगितलं.

काकाजी पाचव्या दिवशी आले. पुठ्ठा टेबलावर पालथा पडलेला, पडद्यावर परदेशी तळं. त्यांनी चप्पल काढली, तळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भाचा तेवढ्यात पुण्याच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला. त्या गाडीला आणखी सहा तास होते.

“लावला नं जी हात.”

मी मान खाली घातली.

ते काही बोलले नाहीत. मागच्या गोदामात गेले. धानाची चार पोती सरकवल्याचा आवाज आला. आतून त्यांनी युरियाच्या पोत्यात गुंडाळलेली एक वस्तू छातीशी धरून आणली. पोतं सोडलं. आमचं जुनं मशीन. म्हणजे जुन्याच्याही आधीचं. मी ते भंगारात विकलं होतं. काकाजींनी भंगारवाल्याकडून, माझ्याच पैशातून उचल घेऊन, ते परत विकत आणून लपवलं होतं.

“अपग्रेड करतांनी तुमी माले इचारलं नोतं,” ते म्हणाले. “मीबी तुमाले नाही इचारलं.”

लॉक काढून मागे बसवलं. बटण दाबलं. आधी ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखा आवाज, मग मिनिटभर काहीच नाही, मग पडदा. कोपऱ्यात तारीख : १ जानेवारी २००२.

“काकाजी, तारीख चुकली आहे.”

“आतली बॅटरी गेली जी. रोज सकाळी हेच तारीख येते.”

“मग बदलत का नाही?”

“काहून बदलू? या तारखेले सगळं चालते.”

आणि चाललं. पोस्टर उघडलं. वेलांट्या आपापल्या माणसाजवळ, रफार आपापल्या डोक्यावर. इतकं नीट ‘निर्माता’ मी जन्मात पाहिलं नव्हतं. पुढचं सगळं मात्र कसरतीचं. ही फाइल फ्लेक्सवाल्याकडे न्यायची, तर त्याच्याकडे नवं सॉफ्टवेअर. तो म्हणतो, ‘कर्व्ह करून आणा’. म्हणजे अक्षराचं चित्र करायचं. मग ते कुठल्याही मशीनवर तसंच दिसतं, फक्त ते अक्षर राहत नाही. चूक सापडली तरी सुधारता येत नाही. आणि न्यायचं कशात? जुनं मशीन आजकालचा पेनड्राइव्ह ओळखतच नाही. म्हणून काकाजींकडे एक जुनाट, लहानसा पेनड्राइव्ह आहे, तो ते काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात. डॉक्टरनं एक्स-रेसाठी काढायला सांगितला तेव्हा त्यांनी डॉक्टर बदलला.

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला शेजारी बसू दिलं. पोस्टर कर्व्ह करण्याआधी मी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत एकेक शब्द तपासला. निर्माता, दिग्दर्शक, दिनांक, स्थळ, खर्रा. सगळं बरोबर. मग अगदी तळाशी आलो. आमच्या प्रेसचं नाव, बरोबर. त्याच्यापुढं फोन.

तो आमच्या वडिलांच्या वेळच्या लँडलाइनचा नंबर होता. ती लाइन कापून घेतल्यालाच बारा-तेरा वर्षं झाली असतील.

“काकाजी, हा नंबर तर बंद आहे!”

“हव जी.”

“चार जिल्ह्यांत मी इतकी वर्षं बंद नंबर चिकटवतोय? म्हणून मला फोन येत नाहीत?”

“असन.”

“अहो, मग बदला ना!”

काकाजींनी गळ्यातला पेनड्राइव्ह चाचपला आणि पडद्यावरच्या त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं.

“ते लाइन तुमच्या बाबांनी कर्व्ह करून ठेवली हाये जी. ते आता बदलत नाही.”